केसाला वळण कोण लावतं?

भेटवस्तूवर बांधायची चकचकीत फीत असते ना, तिचं टोक धरून कात्रीच्या पात्यावरून झरकन ओढलं की सरळ फितीची गुंडाळी होते. फितीत नवं काहीच आलेलं नसतं. एक बाजू ताणली गेली, दुसरी तशीच राहिली, एवढंच. दोन बाजूंची लांबी जुळेनाशी झाली की फितीपुढे वळण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

कुरळ्या केसाचं मर्म जवळपास हेच आहे. फरक इतकाच की केसावर नंतर कोणी कात्री ओढत नाही. तो तयार होतानाच दोन बाजूंनी वेगवेगळा घडतो. आपण ज्याला केस म्हणतो, विंचरतो, कापतो, तो भाग मेलेल्या पेशींचा असतो आणि त्याला स्वतःहून काहीही करता येत नाही. वळायचं की सरळ यायचं, हे कातडीखाली काही मिलिमीटर खोल, केसाच्या मुळाशी ठरतं.

या मुळाला केशकूप म्हणतात, आणि विहिरीसारखाच तो आत उतरलेला असतो. तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असतो. तिथे पेशी भराभर विभागतात, नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, वर सरकता सरकता त्यांच्यात केराटिन हे प्रथिन ठासून भरतं, त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना पक्के जखडले जातात आणि पेशी मरतात. डोक्यावर साधारण एक लाख ठिकाणी हे काम चालू असतं आणि प्रत्येक ठिकाणाहून महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर माल बाहेर पडतो.

सरळ केसाचा कूप कातडीत सरळ उतरतो, आणि त्याच्या तळाशी चहूबाजूंनी सारख्याच गतीने काम चालतं. कुरळ्या केसाचा कूप मात्र वाकलेला असतो. खूप कुरळ्या केसात तर तळ हॉकीच्या काठीसारखा एका बाजूला वळलेला दिसतो. तिथे एका बाजूच्या पेशी लवकर घट्ट होतात, दुसऱ्या बाजूच्या उशिरा. काही विशिष्ट केराटिनं तर कुरळ्या केसात एकाच कडेला जास्त सापडतात. म्हणजे केस बाहेर येतो तेव्हाच त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि मग फितीचं झालं तेच त्याचं होतं.

हा वाक बाहेरच्या कातडीमुळे येत असेल, कवटीच्या आकारामुळे येत असेल, असं कोणाला वाटलं तर त्यात वावगं काही नाही. पण कुरळ्या केसाचा कूप डोक्यातून अलगद काढून प्रयोगशाळेत पोषक द्रावणात ठेवला, तर तिथेही तो वाकलेलाच राहतो आणि त्यातून कुरळाच केस वाढतो. वळणाचा कार्यक्रम कूपातच लिहिलेला आहे. केसांचं रोपण करणाऱ्या डॉक्टरांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. कुरळ्या केसांचे कूप काढताना आत ते कुठे वळलेत याचा अंदाज चुकला तर कूपच कापला जातो.

इथे एक गैरसमज बाजूला करून टाकू. सरळ आणि कुरळे केस वेगवेगळ्या पदार्थांचे बनलेले नसतात. जगाच्या कुठल्याही भागातल्या माणसाचा केस घ्या, त्यातलं केराटिन तेच, आणि त्यातल्या अमिनो आम्लांचं प्रमाणही जवळपास तेच. ‘कुरळ्या केसांत गंधकाचे बंध जास्त असतात म्हणून ते वळतात’ हे वाक्य फार ठिकाणी वाचायला मिळतं. बंध कुठे आणि कोणत्या बाजूला आधी बसले, याने फरक पडतो. नुसत्या संख्येने नाही. केस ओला झाला की दुसऱ्या प्रकारचे, कमकुवत असे हायड्रोजनचे बंध सुटतात. म्हणून इस्त्री करून सरळ केलेले केस दमट हवेत पुन्हा आपल्या वळणावर जातात. गंधकाचे बंध मात्र पाण्याला दाद देत नाहीत. ते तोडून नव्या आकारात पुन्हा जोडायचे तर रसायनच लागतं, आणि तेही बाहेर आलेल्या केसापुरतंच. मुळातून येणारा पुढचा सेंटिमीटर जुनंच वळण घेऊन येतो.

केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. पूर्व आशियाई लोकांचा केस बहुधा जाड आणि जवळपास गोल असतो, आफ्रिकी वंशाच्या लोकांचा चपटा, लंबगोल, तर युरोपीय लोकांचा या दोहोंच्या मधला. ‘चपटा म्हणून कुरळा’ असं समीकरण पूर्वी मांडलं जायचं. दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकत्र आढळतात हे खरं, पण खरा कर्ता-करविता दोन बाजूंमधला असमतोलच.

शाळेतला तक्ता आणि खरा हिशोब

कुरळे केस असलेली आई, सरळ केसांचा बाप, मुलाचे केस लहरी. अनुवंशशास्त्राची तोंडओळख करून देताना हे उदाहरण हमखास वापरलं जातं. ते फार जुनं आहे. अमेरिकेत गर्ट्रूड आणि चार्ल्स डॅव्हेनपोर्ट या दांपत्याने १९०८ साली केसांच्या वळणाच्या आनुवंशिकतेवर शोधनिबंध लिहिला आणि मेंडेलचे वाटाण्याचे नियम केसांना लावून पाहिले. पुढे चार्ल्स डॅव्हेनपोर्ट अमेरिकेतल्या सुप्रजनन चळवळीचा, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्याच माणसांची संतती वाढावी म्हणणाऱ्यांचा, म्होरक्या झाला, आणि माणसाचा प्रत्येक गुण एकेका घटकावर उभा असतो, हा त्याचा हट्ट पुढे किती महागात पडला ते सर्वश्रुत आहे.

केसांचं वळण एका जनुकावर चालत असतं तर सरळ केसांच्या दोघांना दाट कुरळ्या केसांचं मूल होणं, किंवा सख्ख्या तीन भावंडांची तीन तऱ्हेची डोकी असणं, याचा उलगडा करताना नाकी नऊ आले असते. खरं तर ही अगदी रोजची गोष्ट आहे.

वळण आनुवंशिक आहे यात मात्र शंका नाही. ते मोजायला जुळी मुलं उपयोगी पडतात. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळपास शंभर टक्के सारखा असतो, वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांचा सरासरी निम्मा. दोन्ही प्रकारच्या जोड्यांमधल्या केसांचं साम्य ताडून पाहिलं की आनुवंशिकतेचा वाटा कळतो. ऑस्ट्रेलियातल्या युरोपीय वंशाच्या जुळ्यांवरून तो ८५ ते ९५ टक्के निघाला. हा आकडा वाचताना मात्र थोडं थांबायला हवं. ‘माझ्या केसांतलं नव्वद टक्के वळण जनुकांनी दिलं आणि दहा टक्के हवेने’ असा त्याचा अर्थ होत नाही. त्या विशिष्ट लोकसमूहात माणसामाणसांच्या केसांत जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे नव्वद टक्के फरकाचं कारण जनुकांमधल्या फरकात सापडतं, एवढंच तो सांगतो. सगळ्यांचेच केस सरळ असलेल्या समूहात हा आकडा वेगळा येईल, कारण तिथे समजावून सांगायला फरकच उरलेला नसेल.

२००९ साली सारा मेडलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ऑस्ट्रेलियन जुळ्यांचा डीएनए धुंडाळला आणि पहिल्या गुणसूत्रावरच्या एका जागी त्यांना ठळक खूण सापडली. तिथे ट्रायकोहायलिन नावाच्या प्रथिनाचं जनुक आहे. या प्रथिनातलं ७९० वं अमिनो आम्ल बहुसंख्य मानवजातीत ल्युसिन असतं. काही लोकांत मात्र तिथे मेथिओनिन असतं, आणि त्यांच्या केसांचा कल सरळपणाकडे असतो.

ट्रायकोहायलिन केसात नसतं म्हटलं तरी चालेल. ते मुख्यतः केसाभोवतीच्या आवरणात असतं. वाढता केस कूपातून वर येताना त्याला चारी बाजूंनी एक नळी घट्ट धरून असते. ही नळी केसाच्या आधी कडक होते, म्हणजे ओल्या केसाला तो घडेपर्यंत साच्यात धरून ठेवते. साचा जरा वेगळा झाला की ओतीव वस्तूही वेगळी होणार, हे ओघानेच आलं.

याच साच्याचं दुसरं टोक पाहायचं तर एका दुर्मीळ अवस्थेकडे जावं लागतं. काही मुलांचे केस कितीही विंचरले तरी बसत नाहीत. फिक्कट, कोरडे, पिसारल्यासारखे चहूकडे उभे राहतात. इंग्रजीतल्या नावाचा अर्थ सरळ ‘न विंचरता येणारे केस’ असाच आहे. असा केस आडवा कापला तर त्रिकोणी किंवा बदामाच्या आकाराचा निघतो. २०१६ साली त्याचं कारण तीन जनुकांत सापडलं. एक ट्रायकोहायलिनचं, आणि उरलेली दोन ट्रायकोहायलिनला कडक करणाऱ्या एन्झाइमांची. म्हणजे साचाच नीट घट्ट होत नाही, आणि केस वाट फुटेल तसा येतो. एका जनुकातल्या बारीकशा बदलाने केस थोडा सरळ होतो आणि तेच जनुक मोडलं की केस आवरेनासा होतो, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं.

पण मग हिशोब जुळतो का? नाही. ट्रायकोहायलिनमधला तो बदल युरोपीय वंशाच्या लोकांमधल्या वळणाच्या फरकापैकी सुमारे ६ टक्क्यांचाच उलगडा करतो. एवढ्या गुंतागुंतीच्या गुणासाठी एकाच बदलाने सहा टक्के उचलणं हे खरं तर भरपूर झालं. तरीही नव्वदातले सहा गेले तर उरलेलं कुठे आहे? पुष्कळ जनुकांत, थोडं थोडं विखुरलेलं. २०१६ मध्ये ब्राझील, चिली, कोलंबिया, मेक्सिको आणि पेरू या देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात आणखी एक जनुक पुढे आलं, आणि गंमत म्हणजे त्याचं प्रथिनही केसाभोवतीच्या त्याच आतल्या आवरणात सापडतं. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केसांच्या आकाराशी जोडलेल्या बारा जागा नोंदवल्या गेल्या, त्यातल्या आठ नव्या होत्या. ही यादी वाढतच जाणार.

भावंडांचं कोडंही इथेच सुटतं. आई आणि बाप दोघांकडेही वळणाकडे झुकवणारे काही आणि सरळपणाकडे झुकवणारे काही बदल असतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोघांच्या साठ्यातला निम्मा भाग येतो, आणि कोणता निम्मा ते नशिबावर असतं. एकाला कुरळेपणाचं दान जास्त पडलं, दुसऱ्याला कमी. कधी आईबापांपैकी कोणाकडेच न दिसणारं वळण मुलात उमटतं, कारण दोघांकडचं थोडं थोडं दान एकाच पटावर जमा होतं.

सरळ केस, दोनदा

आता जगाच्या नकाशाकडे येऊ. सरळ केस युरोपात आहेत आणि पूर्व आशियातही आहेत. एकाच पूर्वजाकडून दोघांना मिळाले असावेत, हा पहिला तर्क. तो चुकीचा निघाला.

ट्रायकोहायलिनमधला सरळपणाचा बदल उत्तर युरोपात सर्वाधिक आढळतो आणि पूर्व आशियात जवळपास नाहीच. पूर्व आशियातली गोष्ट दुसऱ्याच जनुकाची आहे. त्याचं नाव ईडार. या जनुकाचं प्रथिन म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा निरोप घेणारा. गर्भात कातडीच्या थरात कुठे केस उगवायचा, कुठे दात, कुठे घामाची ग्रंथी, हा निरोप ते पेशीच्या आत पोचवतं. हा सगळा मामला एकाच यंत्रणेकडे असतो, आणि ती यंत्रणा बिघडली की सगळंच एकदम बिघडतं. चार्ल्स डार्विनने १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत नोंदवून ठेवली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना अगदी थोडे, कमजोर दात होते, अंगावर केस जेमतेम, टक्कल लवकर पडायचं आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल व्हायचे. मुलींना मात्र कोणालाच हा त्रास नव्हता. ईडारला निरोप देणारं जे प्रथिन आहे, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं की नेमकं हेच चित्र दिसतं. दात, केस आणि घाम यांचा एकमेकांशी काय संबंध, हे तेव्हा कोणालाही सांगता आलं नसतं.

पूर्व आशियातला ईडारमधला बदल हा बिघाड नव्हे. या प्रथिनातल्या ३७० व्या जागी व्हॅलिनऐवजी ॲलानिन येतं आणि निरोप जरा जास्त जोरात पोचतो. २००८ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की या बदलामुळे केस जाड होतो. जाडीबरोबर तो सरळपणाकडेही झुकतो. पूर्व आशियातल्या बहुतांश लोकांत आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत हा बदल आहे. आफ्रिकेत आणि आजच्या युरोपात तो जवळपास सापडत नाही. ‘आजच्या’ म्हणायचं कारण, स्वीडनमध्ये सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या शिकारी लोकांच्या सांगाड्यांपैकी काहींच्या डीएनएत तो सापडला आहे. तो तिथे कसा पोचला आणि पुढे कुठे विरून गेला, ही वेगळीच कथा.

हा बदल फार वेगाने पसरला असला पाहिजे, हे आसपासच्या डीएनएवरून कळतं. एखादा बदल सावकाश, शेकडो पिढ्यांत पसरला तर दर पिढीतल्या अदलाबदलीत त्याच्या शेजारचे तुकडे विस्कटत जातात. तो झपाट्याने पसरला तर शेजारची लांबलचक पट्टी जशीच्या तशी सगळ्यांत सापडते. ईडारभोवती अशी लांब पट्टी आहे, हे २००७ साली पार्डिस सबेती आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. पुढे संगणकावरच्या गणितातून या बदलाचा उगम चीनच्या मध्यभागी सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचा असावा असा अंदाज निघाला. प्राचीन हाडांतला डीएनए या अंदाजाला बरीचशी साथ देतो. बीजिंगजवळच्या तियानयुआन गुहेतल्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या माणसात हा बदल नाही. अमूर नदीच्या खोऱ्यातल्या सुमारे १९,००० वर्षांपूर्वीच्या माणसात आहे.

इतक्या वेगाने पसरायला काहीतरी मोठा फायदा हवा. तो जाड, सरळ केसांचा होता का? इथे विषय खरा रंगतो. २०१३ साली याना कॅम्बेरोव्ह आणि सहकाऱ्यांनी माणसातला हाच बदल उंदरात घातला. उंदराचा केस जाड झाला. शिवाय पंजावरच्या घामाच्या ग्रंथी वाढल्या, दुधाच्या ग्रंथींच्या फांद्या वाढल्या आणि तिथली चरबी कमी झाली. चीनमधल्या हान लोकांतही हा बदल असलेल्यांच्या घामाच्या ग्रंथी जास्त आढळल्या. पुढच्या दातांची मागची बाजू फावड्यासारखी खोलगट असणं, हेसुद्धा याच बदलाचं काम.

म्हणजे एका बदलाने पाच-सहा गोष्टी झाल्या, आणि त्यातली नेमकी कोणती फायद्याची होती हे केसांकडे पाहून कळणार नाही. एका मतानुसार दमट, उष्ण हवेत जास्त घाम येणं उपयोगी पडलं. अमेरिकन संशोधक लेस्ली ह्लुस्को यांनी २०१८ साली याच्या अगदी उलट टोकाची कल्पना मांडली. त्यांच्या मते हिमयुगात आशिया आणि अमेरिका यांना जोडणाऱ्या बेरिंजियाच्या भूभागात, जिथे सूर्यप्रकाशातून पुरेसं ‘ड’ जीवनसत्त्व मिळणं अशक्य होतं, तिथे आईच्या दुधातून बाळाला पोषण पोचवणाऱ्या नलिकांच्या वाढलेल्या फांद्यांनी बाजी मारली. पुरावा म्हणून त्यांनी पुढे केले ते जुन्या सांगाड्यांचे दात, कारण दूध टिकत नाही, दात टिकतात. यातली कोणती बाजू खरी ठरेल ते ठरो. पण कोट्यवधी माणसांचे केस कदाचित घामाच्या किंवा दुधाच्या गाडीत फुकट बसून आले असावेत, ही शक्यता मला मोठी गमतीची वाटते. आरशासमोर उभं राहून केसांचा ‘उद्देश’ शोधणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आणि कुरळे?

आपण नकळत सरळ केसाला मूळ धरतो आणि कुरळ्याला त्यातली भर. एका अर्थी ते बरोबरही आहे. चिंपांझीचे केस सरळ असतात, बहुतेक सस्तन प्राण्यांचेही. दाट, घट्ट कुरळे केस ही माणसाची स्वतःची कमाई दिसते. पण ती कमाई सरळ केसांच्या आजच्या दोन्ही प्रकारांपेक्षा जुनी असावी. आफ्रिकेत माणूस घडला, तिथे घट्ट कुरळे केस सर्वत्र आहेत. युरोपातला आणि पूर्व आशियातला सरळपणा हे नंतरचे बदल.

मग अंगावरचे केस जवळजवळ गेले असताना डोक्यावरचे का राहिले, आणि ते कुरळे का झाले? २०२३ साली टीना लसीसी, नीना जाब्लोन्स्की आणि सहकाऱ्यांनी हे थेट मोजून पाहिलं. तापमान मोजणारा एक पुतळा घेतला. त्याच्या डोक्यावर माणसाच्या केसांचे टोप चढवले: सरळ, मध्यम कुरळे आणि घट्ट कुरळे. एकदा बोडकंही ठेवलं. वरून दिव्यांनी ऊन पाडलं, वारा कमी-जास्त केला, डोकं कोरडं आणि ओलं अशा दोन्ही अवस्थांत मोजमाप घेतलं. केस कोणतेही असोत, उन्हाची उष्णता डोक्यात शिरायला अडवतात हे दिसलं, आणि सर्वांत जास्त अडवलं ते घट्ट कुरळ्यांनी. थंड राहायला त्यांच्याखाली घामही सर्वांत कमी लागला. कारण समजायला सोपं आहे. सरळ केस डोक्यावर चापून बसतो, तापला की उष्णता थेट कातडीला देतो. घट्ट कुरळ्या केसांचा थर मात्र डोक्यापासून उंच उचललेला असतो, ऊन वरच्या वर थांबतं, खाली हवा खेळती राहते.

दुपारच्या उन्हात उभं चालणाऱ्या, मोठा आणि उष्णतेला हळवा मेंदू असलेल्या प्राण्याला असं छप्पर मोलाचं होतं, असं लसीसी यांचं म्हणणं. एका पुतळ्यावरच्या मोजमापाने उत्क्रांतीचा खटला निकाली निघत नाही, हे उघड आहे. पण ‘कुरळे केस शोभेचेच’ म्हणणाऱ्यांना आता उत्तर द्यावं लागेल.

या केसांना किंमतही मोजावी लागते. प्रत्येक वळणाच्या जागी केस कमकुवत असतो, तुटतो. टाळूतलं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, वळणावळणांतून ते पोचत नाही, म्हणून केस कोरडा राहतो. दाढी केल्यावर कापलेला कुरळा केस वळून पुन्हा कातडीत घुसतो आणि फोड येतात, हा तर नेहमीचा त्रास. केसाच्या आवरणातल्या एका केराटिनच्या जनुकातला बदल हा धोका आणखी वाढवतो.

घट्ट कुरळ्या केसांमागची जनुकं मात्र सरळ केसांमागच्या जनुकांइतकी ओळखीची झालेली नाहीत. यात केसांचा दोष नाही, नमुन्यांचा आहे. माणसाच्या जनुकांचे मोठे अभ्यास आजवर प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले. ज्या खंडात माणसांची जनुकीय विविधता सर्वांत जास्त आहे, तिथले नमुने सर्वांत कमी.

पेन्सिल

दक्षिण आफ्रिकेत १९५० साली लोकसंख्या नोंदणीचा कायदा आला. प्रत्येक माणसाला एका वंशाच्या खान्यात टाकायचं होतं. ज्यांच्याबद्दल अधिकाऱ्यांना संशय, त्यांच्या केसांत पेन्सिल खोवायची. ती खाली पडली तर एक वर्ग, अडकून राहिली तर दुसरा. कोणी कुठे राहायचं, कोणत्या शाळेत जायचं, कोणाशी लग्न करायचं, हे त्यावरून ठरायचं. या पद्धतीने सख्खी भावंडं वेगवेगळ्या वर्गांत गेल्याची उदाहरणं आहेत. हा कायदा १९९१ पर्यंत टिकला.

वर सांगितलेला दानाचा हिशोब ध्यानात असेल तर पेन्सिलीचं वेडेपण नुसतं नैतिक नाही, गणिती आहे हे कळतं. ती वंश मोजत नव्हती. आईबापांच्या साठ्यातला कोणता निम्मा भाग या मुलाच्या वाट्याला आला, तेवढंच ती सांगत होती, आणि तेही डझनावारी जनुकांपुरतं.

केस सारखे म्हणून माणसं जवळची, हा निष्कर्ष मोठ्या अंतरावरही फसतो. अंदमानमधल्या मूळ रहिवाशांचे केस घट्ट कुरळे आहेत, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडच्या मेलानेशिया या द्वीपसमूहातल्या अनेकांचेही. पण त्यांचा एकूण डीएनए पाहिला तर आफ्रिकेतल्या लोकांपेक्षा ते सरळ केसांच्या आशियाई लोकांच्या कितीतरी जवळचे निघतात. त्यांच्याकडचं वळण आफ्रिकेतून बाहेर पडतानाचं जपलेलं आहे की नव्याने आलेलं, हा खुला प्रश्न आहे. रंगाच्या बाबतीत अशाच एका कोड्याचं उत्तर मिळालं आहे. सॉलोमन बेटांवरच्या गडद वर्णाच्या लोकांपैकी ५ ते १० टक्क्यांचे केस सोनेरी असतात. युरोपीय खलाशांची कृपा, नाहीतर समुद्राचं खारं पाणी आणि ऊन, असे तर्क लढवले जायचे. २०१२ साली कळलं की एका रंगद्रव्याच्या जनुकातला एकच बदल त्यामागे आहे आणि तो युरोपातल्या सोनेरी केसांमागे नाहीच. सोनेरी केसही दोनदा जन्मले.

आफ्रिकी, आशियाई, युरोपीय हे तीन खाने केसांच्या बाबतीत किती तोकडे आहेत, हे सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या लोरेआल कंपनीच्या संशोधकांनाही धंद्यापायी मान्य करावं लागलं. २००७ साली त्यांनी बावीस देशांतल्या लोकांचे केस मोजले आणि वंश बाजूला ठेवून, केवळ वळणाची त्रिज्या आणि पिळांची संख्या पाहून आठ प्रकार पाडले. एकट्या आफ्रिकेतच दक्षिणेकडच्या खोइसान लोकांच्या मिरीच्या दाण्यांसारख्या बारीक गुंडाळ्यांपासून पूर्वेच्या शिंगासारख्या टोकाकडच्या सैल कुरळ्यांपर्यंत सगळं आढळतं.

प्राण्यांत मात्र माणसाने निवडून पैदास केल्यामुळे हिशोब सोपा आहे. कुत्र्यांच्या अंगावरच्या केसांचे बहुतेक प्रकार तीनच जनुकांच्या मेळातून निघतात, असं २००९ साली दिसलं, आणि त्यातलं कुरळेपणाचं जनुक एका केराटिनचं आहे. डेव्हन रेक्स जातीच्या मांजराचं लाटांसारखं अंगही त्याच जनुकातून येतं. त्याच जनुकातल्या दोषाने काही माणसांचे केस जन्मतः लोकरीसारखे होतात.

एक गोष्ट राहिली. डीएनए जन्मभर तोच, तर मग केस का बदलतात? लहानपणी गुंडाळ्या असलेली मुलं मोठेपणी सरळ केसांची होतात, वयात येताना काहींचं उलट होतं, गरोदरपणातही फरक पडतो. जनुक असणं आणि ते चालू असणं या वेगळ्या बाबी आहेत, आणि कूपातली कोणती जनुकं किती जोरात चालावीत यात संप्रेरकांचा हात असतो. सर्वांत ठळक बदल दिसतो तो कर्करोगावरच्या केमोथेरपीनंतर. औषध भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतं, आणि कूपाचा तळ हे तसंच ठिकाण. केस गळतात. काही महिन्यांनी परत येतात तेव्हा जन्मभर सरळ केस असलेल्या माणसाच्या डोक्यावर कधी कधी कुरळे केस उगवतात. जनुकं तीच, कूपही तेच, पण तळाचं काम दोन्ही बाजूंनी सारख्या गतीने पूर्ववत सुरू झालेलं नसतं. पुढे कूप सावरतात, आणि बहुतेकांच्या डोक्यावर एक एक सेंटिमीटर करत जुने सरळ केस परत येतात. मधल्या काळातला कुरळा भाग टोकाकडे सरकत जातो आणि एक दिवस कात्रीखाली येतो.